लाल दोरा

संजीवनी कंटाळली होती. साधीसुधी नाही, पार जीव नकोसा होईस्तोवर कंटाळली होती. आणि तेही कधी, तर ऐन हंगामात, क्रॉसिंगच्या चौदाव्या दिवशी, स्वतःच्या दहा गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या तिसऱ्या ओळीत उभी असताना. कंटाळा म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल त्यानं कार्तिकात देऊळगाव राजाच्या बाजूला यावं, कोणत्याही नेटात शिरावं आणि दिवसभर कळ्या सोलाव्यात. मग बोलावं.

संकरित मिरचीचं बियाणं करायचं तर मिरचीला तिच्या मनानं फळू देऊन चालत नाही. दुपारी ऊन कललं की मादी झाडावरची उद्या उमलणारी कळी हेरायची. ती डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायची, चिमट्यानं पाकळ्या सोलायच्या, आतले पाच-सहा नर उपटून टाकायचे, मधली काडी तेवढी राखायची आणि देठाला दोऱ्याची गाठ मारायची. दुसऱ्या दिवशी दव सुकलं की दुसरीकडच्या नर झाडांच्या फुलांची पूड त्या काडीला टेकवायची. झालं एका मिरचीचं लग्न. अशी सातशे-आठशे लग्नं एका बाईनं एका दिवसात लावायची, आणि असे चाळीस दिवस. मान वाकलेली, पिंडऱ्यांत गोळे, बोटं मिरचीनं चुरचुरताहेत आणि वर हिरव्या जाळीखाली हवा अशी कोंडलेली की पोलकं दुपारीच पाठीला चिकटतं.

"आज किती झाले वं दिवस?" पलीकडच्या ओळीतून गोजरबाईनं विचारलं. गोजरबाई आणि महामाया या दोघी रोजानं येत. गोजरबाई पन्नाशीची, महामाया पंचविशीची.

"चौदा," संजीवनी म्हणाली.

"सकाळीबी चौदाच होते नं?"

"मंग काय दुपारून पंधरा होतीन का, गोजरकाकू?"

महामाया फिसकन हसली. तिच्या एका कानात मोबाईलची वायर होती, पण पहिल्याच हप्त्यात तिची सगळी गाणी ऐकून झाली होती. आता ती नुसती वायर घालायची. गोजरबाईकडे धाकट्या पोराच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी चिखलात रुतल्याची एक गोष्ट होती. ती सगळ्यांना इतकी पाठ झाली होती की गोजरबाई चुकली तर महामाया तिला दुरुस्त करायची.

चौथी बाई म्हणजे संजीवनीची सासू अंबूबाई; संजीवनी तिला मामी म्हणायची. ती कडेच्या ओळीत असायची. सत्तरीला आलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात सगळ्यांत हळू. बोलायची नाही. नुसते ओठ हलत असायचे. देवाचं नाव घेत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

खरं सांगायचं तर हे नेट उभं केलं ते संजीवनीच्याच हट्टापायी. तीन वर्षांपूर्वी तीच शेजारच्या गावात जाऊन क्रॉसिंग शिकून आली. नवऱ्याला, गोविंदाला, कळी कोणती आणि फूल कोणतं हेही तिनंच शिकवलं. पहिल्या वर्षी तिला झोप लागत नव्हती इतका आनंद होता. दुसऱ्या वर्षी काम अंगवळणी पडलं. आणि तिसऱ्या वर्षी त्या अंगवळणी पडलेल्या कामानंच तिचा जीव खाल्ला. तिची धाकटी बहीण सुचिता जालन्याला साड्यांच्या दुकानात होती. ती फोनवर सांगायची, "ताई, इथं दिवसाले शंभर नवे तोंडं दिसतेत. जागा हाये, शेठले बोलू का?"

परवाच रात्रीच्या जेवणाला संजीवनी गोविंदाला म्हणाली होती, "हा सिझन झाला का मी नेटमंधी पाय ठेवनार नाही. जालन्याले खोली पाहा."

गोविंदानं भाकरीचा घास हातातच धरला. "मंग नेट इकून टाकू," तो म्हणाला. "तुह्याबिगर माह्यानं ते होत नाही. उत्तमराव घ्याले मांगं लागलाच हाये."

"इका."

म्हणाली खरी, आणि मग तिला स्वतःच्याच तोंडाचा राग आला. पण शब्द काही तिनं परत घेतला नाही.

तर त्या चौदाव्या दिवशी कंपनीनं दिलेला पांढरा दोरा संपत आला. संजीवनी दोऱ्यासाठी देऊळगाव राजाला गेली. बालाजीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. तिथं भिंतभर रंगीत रिळं लावलेली पाहिली आणि ही बाई तिथंच थबकली. चौदा दिवस पांढरं पाहून पाहून डोळे उपाशी होते. तिनं पांढरं घेतलंच नाही. लाल घेतलं, पिवळं घेतलं, निळं घेतलं, हिरवं घेतलं.

"हे काय?" गोजरबाईनं दुसऱ्या दिवशी डोळे मोठे केले.

"आजपासून ज्याचा त्याचा रंग. लाल माहा, निळा महामायाचा, पिवळा मामीचा, हिरवा तुमचा. पाहू कोनाच्या मिरच्या जास्त लागतेत."

इतक्या साध्या गोष्टीनं नेटात जान आली! आजवर बांधलेली कोणती गाठ कुणाची हे कुणालाच कळत नव्हतं. सगळं पांढरं, सगळं सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. आता महामाया सकाळी आल्याबरोबर वायर खिशात कोंबून आपल्या निळ्या मिरच्या बघायला धावायची. गोजरबाई मात्र दुसऱ्याच दिवशी रुसली.

"माहा दोरा दिसतच नाही! हिरव्या पाल्यात हिरवा दोरा देल्ला मले. हे बरोबर नाही, संजू."

तिला गुलाबी दिला तेव्हा ती शांत झाली. अंबूबाईला रंगाचं काही विचारलं तर ती म्हणाली, "मले कोनताबी दे. मले काय मिरवाचं हाये?"

चार-पाच दिवस बहार होती. वऱ्हाडाची गाडीसुद्धा चिखलातून बाहेर निघाली. पण सहाव्या दिवशी संजीवनीनं लाल गाठ मारली आणि तोच जुना कंटाळा परत आला. लालही पांढऱ्याइतकाच जुना झाला होता. मग तिनं दुसरी चाल धरली. लाल जास्त दिसला पाहिजे! सगळ्या नेटात लालच लाल! तिचे हात भराभर चालू लागले. आता लहान, घट्ट कळी सोलायला नाजूक असते, वेळ खाते. अर्धी उकललेली कळी एका झटक्यात सोलून निघते. संजीवनी नकळत अशाच मोठ्या कळ्या धरू लागली. हात नेटात आणि मन जालन्याच्या दुकानात, गिऱ्हाइकापुढं साडीची घडी मोडत असायचं. रोज तिच्या नऊशे-हजार गाठी व्हायच्या. महामाया तोंडात बोटं घालायची.

सव्विसाव्या दिवशी कंपनीचा सुपरवायझर आला. कुलदीप नाव, साखरखेर्ड्याचा पोरगा, शेतकीचा डिप्लोमा झालेला. पांढऱ्या दोऱ्याची तपासणी त्यानं मागंच करून पास दिला होता. आज नेटात शिरला आणि दारातच उभा राहिला.

"वहिनी, हे काय हाये? नेट हाये का बांगड्याचं दुकान?"

"दोरा सरला होता, साहेब."

"मंग पांढरा भेटला नाही?" तो चिडला, पण आत शिरून बसला एका झाडापाशी. खिशातलं भिंग काढलं. आदल्या दिवशीची लाल गाठ धरली, फुलात पाहिलं. दुसरी धरली. मग त्यानं मागं येऊन उभ्या राहिलेल्या गोविंदाकडं चिमटा मागितला. चिमट्याच्या टोकावर नराची पिवळी बोंडी काढून गोविंदाच्या डोळ्यापुढं धरली.

"हे आत राह्यलं. फुटलेलं हाये. म्हनजे पूड लावाच्या आधीच याचं काम झालं. हे बी बाद."

वीस लाल पाहिले, आठांत नर निघाले. कुलदीपनं भिंग खाली ठेवलं आणि खिशातून वही काढली.

"गोविंदाभाऊ, असं असलं तर मले प्लॉट फेल लिहा लागते, मंग कंपनी बियानं घेत नाही. माहा नाइलाज हाये."

गोविंदाचा चेहरा मातीसारखा झाला. तो नुसता पाण्याच्या नळीच्या गळक्या तोंडाकडं पाहत राहिला. महामायानं पदराला हात पुसले, जणू तिथं काही लागलंच होतं. संजीवनीच्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं.

तेवढ्यात कडेच्या ओळीतून अंबूबाई बोलली. "साहेब, एकाच रंगाचे काऊन पाहून राह्यला? बाकीचेबी पाहा की."

कुलदीपनं पाहिलं. गुलाबीत चाळिसांत एक निघाला. निळ्यात एक. तेवढं चालायचं. मग तो पिवळ्या गाठींपाशी आला. चाळीस पाहिल्या, अजून दहा पाहिल्या, पार शेवटच्या ओळीपर्यंत गेला. एकही नाही.

"हा पिवळा कोनाचा?"

"माहा," अंबूबाई म्हणाली.

"आन लाल?"

गोजरबाई सावरायला म्हणून पुढं झाली, "आता कोनाचा म्हनजे साहेब, सगळ्याइचे हात लागतेत..."

"माहा हाये," संजीवनी म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "लाल माहा हाये. मीच बांधले सगळे."

मालकीण ती, शिकवणारी ती, रोज त्या दोघींच्या मागं 'नीट सोला, नीट सोला' म्हणणारीही तीच. रोजाच्या बायांपुढं असं उभं राहणं किती कठीण असतं, हे ज्याच्यावर आलं त्यालाच कळतं.

कुलदीप जरा वेळ वही उघडून बसला. पांढरा दोरा असता तर आख्खा प्लॉट गेला असता, हे त्यालाही दिसत होतं. शेवटी म्हणाला, "लाल तेवढे सगळे तोडा. फूल असो, मिरची असो, एक ठेवू नका. सोमवारी येतो. एकबी जुनी लाल गाठ दिसली तर फेल लिहीन, मंग मले नावं ठेवू नका."

दोन दिवस संजीवनी तोडत होती. महामाया मदतीला आली तर तिला परत पाठवलं, "तू तुह्या ओळीत जाय. हे माहं मलेच तोडू दे." बोटभर लांबीच्या हिरव्यागार मिरच्या, दिसायला काही खोट नाही, आणि प्रत्येकीच्या देठाला तिच्या हातची गाठ. अर्धं पोतं भरलं. कंबर दाबून उभी राहायची तेव्हा तिला रडू यायचं आणि रागही यायचा. जालन्याला जाईन तर अशी तोंड काळं करून जाईन का, हा विचार काही डोक्यातून जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारून तोडत तोडत ती सासूच्या ओळीला लागली. अंबूबाई एका कळीपुढं थांबली होती. मान वाकडी करून एकीकडून पाहिलं, मग दुसरीकडून. ओठ हलले. कळी सोलली, पिवळी गाठ मारली आणि शेजारच्या पानाचं टोक नखानं चिमटून टाकलं.

"मामी, पान काऊन तोडलं?"

"तोडलं नाही, निशानी केली."

"कायची?"

अंबूबाई लाजली. सत्तर वर्षांची बाई खरोखर लाजली. "सांगू नको कोनाले. पैज हाये."

"कोनासंगं?"

"माह्याच संगं. दुसरं कोन रिकामं हाये?" मग तिनं हळू आवाजात सांगितलं, "सोलाच्या आधी म्हनते, ही धरन, हिची मिरची होईन. नाहीतर म्हनते, ही गळन. धरन म्हनली का पानाचं टोक चिमटते. गळन म्हनली का पान तसंच. चार दिवसानं येऊन पाह्यते. बरोबर निघालं तर मी जितली."

संजीवनीला हसावं की काय करावं कळेना. "मंग हे ओठ हलतेत ते? आमाले वाटे देवाचं नाव घेता."

"देवाले काय करतं मधात? मी कळीसंगं बोलते. आजची गोष्ट नाही पोरी, मी भाकरी टाकतानीबी म्हनते, ही फुगन, ही नाही फुगन. तुह्या सासऱ्यासंगं वावरात निंदन करे तवा म्हनू, या ओळीत दोन विंचू निघतीन. एकदा खरंच दोन निघाले!" अंबूबाई तोंडावर पदर धरून हसायला लागली.

"आन जितलं तर काय भेटते?"

"जितलं तर जितलं. अजून काय भेटाचं?" तिनं पुढची कळी दोन बोटांत धरली. "पन डोळे फाडून पाह्य लागते. न पाह्यता पैज लावली तर हारशीन."

त्या दिवशी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर संजीवनी आपल्या रिकाम्या ओळीत गेली, दहा कळ्या निवडल्या आणि दहाही धरतील म्हणून दहा पानं चिमटली. कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्याच दिवशी जाऊन पाहिलं तर सात गळून खाली पडल्या होत्या. सात! तीन वर्षं क्रॉसिंग करणारी बाई, दुसऱ्यांना शिकवणारी, आणि दहांतल्या तीनच बरोबर. तिला त्याचा इतका राग आला की चहा प्यायचा राहिला. ती तशीच वाकून त्या पडलेल्या कळ्या उलटसुलट करून बघत बसली.

मग तिला दिसायला लागलं. पाठीवर किंचित जांभळट छटा असलेली कळी दम धरत नाही. खालच्या फांदीच्या बेचक्यातली धरते. पश्चिमेच्या जाळीजवळच्या कळ्या दुपारच्या उन्हानं दमतात, त्यांना सकाळी लवकर पूड लावावी लागते. देठ पाहिला की कळी उद्या उमलणार की परवा, हे कळू लागलं. हे सगळं तीन वर्षं तिच्या नाकासमोर होतं. तिचे हात दिवसाला जेमतेम पाचशे कळ्यांवर आले, आणि दिवस कधी मावळला ते तिला रविवारी कळलंच नाही. बाहेर आली तेव्हा गोविंदा बांधावर उभा होता, हातात नवं रीळ.

"पांढरा आनला. आता उद्यापासून हाच बांध."

"मी तर चार दिवसापासून बांधून राह्यली. लाल."

"लाल?" गोविंदा घाबरला. "अवं, तो उद्या येऊन राह्यला! दारातूनच लाल पाह्यला तर फेल लिहीन. काऊन जिवाले घोर लावतं? पांढऱ्यात घे नं मिसळून."

"पांढऱ्यात माहं काय आन दुसऱ्याचं काय, कोनाले समजते?" संजीवनी म्हणाली. "मलेबी नाही समजत. पांढऱ्यात लपाचं नाही मले. येऊ द्या त्याले."

सोमवारी कुलदीप आला आणि दारातच त्याच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या ओळीत लाल.

"वहिनी, मी काय सांगून गेलतो?"

"जुना लाल एक नाही राह्यला, पाहून घ्या. हा नवा हाये, पाच दिवसाचा," ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हात मिरचीनं लाल झाले होते, ते तिनं लपवले नाहीत. "साहेब, पैज लावा. एका लालमंधी जरी नर सापडला तर आख्खा प्लॉट फेल लिहा. मीच सही देते."

गोविंदानं डोळे मिटून घेतले. गोजरबाई पुटपुटली, "आता ही बाई पार येडी झाली."

कुलदीप बसला. पहिली गाठ, दुसरी, तिसरी. भिंग डोळ्याला, चिमटा हातात. दहा झाल्या. वीस झाल्या. तो मुद्दाम कोपऱ्यातल्या, पानांआड दडलेल्या गाठी शोधू लागला. वरची जाळी वाऱ्यानं फडफडत होती. चाळीस झाल्या. पन्नास झाल्या. तो उठला, गुडघे झटकले.

"एकबी नाही," तो म्हणाला. मग जरासा हसला. "आजीची बरोबरी केली तुमी."

"नाही साहेब, अजून दूर हाये," संजीवनी म्हणाली. "नर काढनं सोपं हाये. मामी दहातल्या नऊ वळखतेत. मी आता कुठं पाचावर आली."

कशातल्या नऊ आणि कशातल्या पाच, हे कुलदीपला काही समजलं नाही. त्यानं वहीत पास लिहिलं, रंगीत दोऱ्याबद्दल एक शेरा मारला आणि तो पुढच्या गावाला निघून गेला. गोविंदा बांधावर जाऊन मटकन खाली बसला.

क्रॉसिंगचे शेवटचे चार दिवस राहिले तेव्हा सकाळी सुचिताचा फोन आला. शेठ विचारतोय, दुसरी बाई ठेवू का म्हणून. संजीवनी फोन खांद्यानं कानाशी दाबून एका कळीपुढं वाकली होती. म्हणाली, "ठेवा म्हना. तुह्या दुकानात साड्या लय चांगल्या हायेत, पन मले इथं जिताचं हाये अजून." सुचिताला वाटलं, ताईचं काहीतरी बिनसलं.

त्याच सकाळी सासू आणि सून एकाच कळीपाशी उभ्या होत्या. चार दिवसांपूर्वी अंबूबाई म्हणाली होती, गळन. संजीवनी म्हणाली होती, धरन, आणि तिनं शेजारचं पान चिमटलं होतं. आता तिथं तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी मिरची डोकं वर काढून उभी होती, देठाला लाल गाठ. अंबूबाईनं चांगला डोळा जवळ नेला, मग दुसराही नेला.

"हारली वं मी," ती म्हणाली.

"मामी, तुमी हारल्या!" संजीवनी इतक्या जोरात ओरडली की गोजरबाई आणि महामाया ओळी सोडून पळत आल्या. काय झालं, काय झालं? काय झालं ते सांगता सांगता दोघी सासू-सुना हसून हसून खाली बसल्या. मग महामायानं विचारलं, "मलेबी शिकवा नं," आणि गोजरबाई म्हणाली, "माह्या गुलाबीवर कोन लावतं पैज?"

तेवढ्यात दारातून गोविंदानं हाक मारली. त्याच्या मागं बांधावर उत्तमराव आपली मोटरसायकल उभी करत होता, नेटाच्या खांबांकडं निरखून बघत.

"अवं, उत्तमराव आला. त्याले काय सांगू?"

संजीवनीनं मान वर केली नाही. पुढची कळी तिच्या दोन बोटांत होती आणि ती धरणार की गळणार, हे अजून ठरायचं होतं.

"त्याइले म्हना, पाह्याले या," ती म्हणाली. "घ्याले येऊ नका."